चिंताग्रस्त बालकाचे चित्र आणि उपचारातील पालकांचे स्थान

बालमार्गदर्शन केंद्रात चिंताग्रस्त मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांची एक ठरलेली जागा असते. प्रथम त्यांच्याकडून मुलाची हकीकत लिहून घेतली जाते. नंतर मूल आत जाते आणि पालक बाहेरच्या बाकावर बसतात. मूल बोलत नाही म्हणून त्याच्यापुढे कागद व रंगखडू ठेवले जातात. ते काहीतरी काढते. तासाभराने दार उघडले की आई विचारते, "डॉक्टर, काय निघालं चित्रातून?" या प्रश्नात एक कल्पना गृहीत धरलेली आहे. चित्र म्हणजे जणू रक्ताचा नमुना. तो तज्ज्ञाने तपासावा आणि निष्कर्ष पालकांच्या हाती द्यावा. प्रस्तुत लेखात ही कल्पना तपासून पाहावयाची आहे. चित्र ही मूल व पालक यांच्यामध्ये ठेवता येण्याजोगी एक वस्तू आहे, जिच्या आधाराने त्या दोघांना एरवी न होणारे बोलणे करता येते, आणि चित्राचा उपचारातील मुख्य उपयोग तोच आहे, असे आमचे मत आहे. हे मत मान्य केले तर पालकांना बाकावर बसवून ठेवणे ही केवळ गैरसोय राहत नाही. ती उपचारपद्धतीतील चूक ठरते.

बालकाच्या भयगंडावरील मनोविश्लेषणात्मक उपचाराचे जे पहिले सविस्तर वृत्त मानले जाते, त्यातील उपचारक खुद्द मुलाचा पिता होता. फ्रॉइडने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'छोट्या हान्स'च्या वृत्तान्तातील व्हिएन्नाचा हा मुलगा पाच वर्षांचा होता आणि घोडा चावेल या भीतीने त्याला रस्त्यावर जाणे नकोसे झाले होते. त्याचे वडील माक्स ग्राफ हे संगीतसमीक्षक व फ्रॉइडच्या वर्तुळातील. मुलाशी बोलणे, टिपणे करणे आणि ती फ्रॉइडकडे पोचविणे हे सर्व त्यांनीच केले. उपचाराच्या काळात फ्रॉइडने मुलाला एकदाच पाहिले. या वृत्तान्तात चित्राचा एक प्रसंग आहे, तो भीती उद्भवण्यापूर्वीचा. मुलगा शोनब्रुनच्या प्राणिसंग्रहालयात वारंवार जात असे, म्हणून वडिलांनी त्याच्यासाठी जिराफ काढला. मुलाने सांगितले की याचे लघवीचे इंद्रियही काढा. वडील म्हणाले, ते तूच काढ. मुलाने एक छोटी रेघ जोडली आणि मग तिला आणखी एक तुकडा जोडून ती लांबविली. पुढे भीतीच्या काळात त्याने रात्री खोलीत आलेल्या दोन जिराफांची कल्पना सांगितली, एक मोठा व एक चुरगळलेला. आणि 'चुरगळलेला' म्हणजे काय हे समजावे म्हणून कागदाचा तुकडा घेऊन चुरगळून दाखविला.

या कल्पनेचा अर्थ वडिलांनी लवकरच लावला. मोठा जिराफ ते स्वतः आणि चुरगळलेला म्हणजे आई, असे त्यांनी मुलाला सांगितलेही. वोल्पे व राक्मन यांनी १९६० मध्ये या वृत्तान्तावर जी कठोर टीका केली, तिचा एक रोख असा होता की पित्याचे प्रश्नच उत्तरे सुचविणारे होते, तेव्हा मुलाच्या उत्तरांना पुराव्याचे मोल देता येत नाही. ही टीका आम्हांस बहुतांशी ग्राह्य वाटते. तथापि पित्याने दिलेल्या सर्व स्पष्टीकरणांपेक्षा त्याचे "तूच काढ" हे दोन शब्द अधिक मोलाचे होते, असेही म्हणावेसे वाटते. त्या क्षणी कागद दोघांचा झाला होता. नंतर अर्थ लावण्याच्या घाईत तो पुन्हा एकट्या पित्याचा झाला.

यानंतर बालचित्रांचा अभ्यास प्रामुख्याने मापनाच्या वाटेने गेला. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये माणसाच्या चित्रावरून बुद्धिमापन करण्याची कसोटी मांडली. भारतीय मुलांसाठी तिचे अनुरूप रूप बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्रमिला फाटक यांनी सिद्ध केले, हे आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्या कसोटीत तपशील मोजले जातात आणि तेवढ्यापुरती ती सरळ आहे. १९४९ मध्ये कॅरेन माकोव्हर यांनी मात्र तेच चित्र व्यक्तिमत्त्वाचे प्रक्षेपण म्हणून वाचावयास घेतले, आणि खुणांचा एक कोशच तयार होऊ लागला: आकृती लहान व कोपऱ्यात असली तर असुरक्षितता, छायांकन दाट असले तर चिंता, डोळे ठळक असले तर संशय. या कोशाची परीक्षा लॉरेन व जीन चॅपमन यांनी १९६७ मध्ये एका साध्या युक्तीने केली. त्यांनी माणसाची चित्रे व रुग्णांची लक्षणे यांच्या जोड्या अशा लावल्या की त्यांत कोणताही संबंध राहू नये, आणि त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. चिकित्सक ज्या खुणा अनुभवाने सापडल्या म्हणून सांगत होते, त्याच खुणा या अननुभवी विद्यार्थ्यांनाही सापडल्या, जरी समोरच्या सामग्रीत त्या नव्हत्या. संशयी माणूस डोळे मोठे काढणार, हे आपण चित्र पाहण्यापूर्वीच ठरविलेले असते. मुलाच्या एका चित्रातील एकेका खुणेवरून त्याच्या चिंतेचे निदान करण्यास आजही पुरेसा आधार नाही. पदव्युत्तर वर्गात या खुणा अजून पाठ केल्या जातात, याचे आम्हांस नवल वाटते.

मग चित्राचा उपयोग काय? ग्रॉस व हेन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांना आनंद, दुःख, भीती किंवा राग वाटला असे प्रसंग सांगावयास लावले. ज्या मुलांना सांगता सांगता चित्र काढू दिले, त्यांनी नुसते बोलणाऱ्या मुलांच्या दुपटीहून अधिक माहिती दिली. येथे चित्राचा अर्थ कोणी लावला नाही. चित्राने मुलाला बोलण्यास वेळ दिला, हातास काम दिले आणि समोरच्या मोठ्या माणसाची दृष्टी मुलाच्या चेहऱ्यावरून कागदावर नेली. शेवटची गोष्ट लहान वाटते, पण चिंताग्रस्त मुलाच्या बाबतीत ती लहान नाही.

आता ज्या एका वृत्तान्तावर या लेखाचा भर आहे, त्याकडे वळू. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक सुमारे चाळीस वर्षे काम करीत होते. मुलांशी परिचय करून घेण्याची त्यांची एक रीत होती. ते कागदावर डोळे मिटून सहज एक रेघोटी ओढीत आणि मुलाला सांगत की हिचे काहीतरी कर. मग मुलाने रेघोटी ओढावयाची आणि तिचे काहीतरी विनिकॉट यांनी करावयाचे. या खेळात हरणे नाही, गुण नाहीत आणि चित्रकला येण्याची गरज नाही. दोघांच्या हातून एक चित्र होते, यात त्याचे वेगळेपण आहे.

मार्च १९५५ मध्ये एका सात वर्षांच्या मुलाला त्याचे आईवडील घेऊन आले. त्याला वस्तू व माणसे चाटण्याची अनावर इच्छा होई, तो घशातून चमत्कारिक आवाज काढी, शौचास जाण्याचे नाकारी आणि मग घाण करी. विनिकॉट यांनी प्रथम पालकांशीच दीर्घ संभाषण केले आणि त्यांनी मुलाच्या वाढीचा स्पष्ट वृत्तान्त दिला. मुलगा तीन वर्षे तीन महिन्यांचा असताना धाकटी बहीण जन्मली आणि तो आईपासून प्रथम दुरावला. तीन वर्षे अकरा महिन्यांचा असताना आईची शस्त्रक्रिया झाली. चार वर्षे नऊ महिन्यांचा असताना आई विषण्णतेच्या विकाराने दोन महिने मनोरुग्णालयात होती आणि मावशीने त्याला सांभाळले. एवढे सगळे सांगून झाले, तरी एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती.

ती रेघोट्यांतून पुढे आली. विनिकॉट जी रेघोटी ओढीत तिचे मुलगा दोरीशी संबंधित असे काहीतरी करी. दहाएक चित्रांत फास टाकण्याची दोरी, चाबूक, छडी, यो-योची दोरी, दोरीची गाठ, पुन्हा छडी, पुन्हा चाबूक असे निघाले. आता येथे खुणांचा कोश घेऊन बसणारा चिकित्सक 'दोरी' या नोंदीखाली काय लिहिले आहे ते पाहील. विनिकॉट यांनी पालकांना पुन्हा आत बोलावले आणि मुलाच्या दोरीच्या नादाविषयी विचारले. हा विषय निघाला याचा पालकांना आनंद झाला; त्याचे महत्त्व काय हे न कळल्याने ते तो बोलले नव्हते. मुलगा घरात सगळे काही दोरीने बांधून ठेवी. खोलीत जावे तो खुर्च्या टेबलांना जोडलेल्या, उशी शेगडीच्या कठड्याशी बांधलेली. आणि अलीकडे त्याने धाकट्या बहिणीच्या गळ्याभोवती दोरी बांधली होती, म्हणजे जिच्या जन्माने तो आईपासून प्रथम दुरावला त्याच बहिणीच्या.

कुटुंब लंडनपासून दूर खेड्याकडे राहत होते. सहा महिन्यांतून एकदा भेट, याहून अधिक शक्य नव्हते. ही अडचण आपल्याकडील केंद्रांनाही नवी नाही. विनिकॉट यांनी आईला सांगितले की मुलगा वियोगाच्या भीतीशी झुंजत आहे. दूरच्या मित्राशी आपण टेलिफोनने जोडलेले राहतो, तसा तो दोरीने वियोग नाकारीत आहे. यात तथ्य वाटले तर सोयीची वेळ पाहून हा विषय तुम्हीच मुलापाशी काढा, आणि मग त्याच्या बोलण्याप्रमाणे पुढे न्या. आईला हे सारे मूर्खपणाचे वाटले. परंतु एका संध्याकाळी तिने विषय काढला, तो मुलगा तिच्या सहवासाविषयी आणि तो तुटण्याच्या भीतीविषयी बोलण्यास उत्सुकच होता. त्याच्या मदतीने तिने आठवतील तेवढे सगळे वियोग एकेक करून उजळले. त्या संभाषणानंतर दोरीचा खेळ थांबला. आणि नंतरच्या बोलण्यांतून आईने एक निरीक्षण नोंदविले, जे कोणत्याही चिकित्सकाच्या टिपणात शोभावे: मुलाचा सर्वांत मोठा वियोग ती इस्पितळात गेली तेव्हाचा नव्हता, ती घरात असून विषण्णतेने इतकी ग्रासली होती की तिचा त्याच्याशी संबंधच उरला नाही, तो होता.

विनिकॉट यांनी अनुमान दिले, पण मुलाशी बोलण्याचे काम आईकडे सोपविले, आणि त्यामुळेच आई त्या अनुमानाच्या पुढे जाऊ शकली. ती बाकावर बसली असती आणि 'मुलाला वियोगभय आहे' असा कागद तिच्या हाती पडला असता, तर तिच्या स्वतःच्या आजाराविषयीचे ते वाक्य कधीच उच्चारले गेले नसते. सुमारे वर्षभराने तिला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी जावयाचे होते आणि मुलाने पुन्हा दोरी हाती घेतली. या वेळी डॉक्टरांची गरज पडली नाही. तू दोरी खेळतोस त्यावरून तुला माझ्या जाण्याची काळजी वाटते आहे हे मला दिसते, पण मी थोड्याच दिवसांसाठी जाते आहे आणि शस्त्रक्रिया गंभीर नाही, अशा अर्थाचे ती बोलली आणि दोरी पुन्हा सुटली.

हा वृत्तान्त १९६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेथेच थांबला असता तर वर्गात शिकविण्यास फार सोयीचा झाला असता. तो तेथे थांबत नाही. पहिल्या भेटीनंतर चार वर्षांनी आईची विषण्णता उलटली आणि दोरी परत आली. एके दिवशी वडील घरी आले तो मुलगा दोरीला उलटा टांगून घेऊन निश्चेष्ट पडल्याचा अभिनय करीत होता. आपण लक्ष देऊ नये हे वडिलांनी ओळखले. ते अर्धा तास बागेत काम करीत राहिले आणि मुलगा कंटाळून उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने हाच प्रकार स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा झाडावर केला. मुलाने गळफास घेतला अशा खात्रीने आई भयभीत होऊन बाहेर धावली. १९६९ मध्ये जोडलेल्या टिपणात विनिकॉट यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की हा मुलगा बरा करता आला नाही. त्याला घरापासून दूर ठेवण्याचा प्रत्येक प्रयत्न फसला, तो पळून घरी येई; आणि पौगंडावस्थेत त्याला मादक द्रव्यांची सवय लागली.

या शेवटाचा अर्थ पालकांचा सहभाग निष्फळ ठरला असा लावणे योग्य होणार नाही. आईने जेथे हात घातला तेथे दोन वेळा लक्षण विरले. पण तिच्या स्वतःच्या विषण्णतेचा प्रश्न तसाच राहिला आणि मुलाची दोरी तिच्या आजाराच्या चढउतारांबरोबर येत-जात राहिली. पालकाला उपचारात घेणे याचा अर्थ त्याच्यावर काम सोपविणे एवढाच नाही. काम सोपविलेल्या पालकाची प्रकृती कशी आहे, हेही पाहणे ओघाने येते. येथे उपचारकाची जबाबदारी वाढते आणि केंद्राचा खर्चही वाढतो, हे मान्य करावयास हवे.

पालकाच्या हातातच खडू दिला तर काय होते, हे पाहण्याचे श्रेय हाना क्विआत्कोव्स्का या मूळच्या पोलंडच्या शिल्पकार स्त्रीकडे जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५८ पासून त्या रुग्णांबरोबर चित्रे काढवून घेत असता रुग्णांचे नातेवाईक योगायोगाने बैठकीत येऊन बसले, आणि त्यातून संपूर्ण कुटुंबाची चित्रबैठक निघाली. त्यांच्या पद्धतीतील एका कृतीत घरातील प्रत्येकजण रेघोटी ओढतो, सर्वजण मिळून एक रेघोटी निवडतात आणि तिचे एकत्र चित्र करतात. त्यांचे रुग्ण बहुधा गंभीर मनोविकारांचे होते, चिंताग्रस्त लहान मुले नव्हेत. तरी कृती आपल्या उपयोगाची आहे. चित्र काय झाले यापेक्षा ते कसे झाले हे तीत पाहता येते: खडू प्रथम कोणी उचलला, मुलाची रेघ कोणी पुरी केली, कोण थांबून राहिले. हडसन व रेपी यांनी २००१ मध्ये मुलांना कठीण कोडी सोडवावयास देऊन त्यांच्या मातांचे निरीक्षण केले, तेव्हा चिंताग्रस्त मुलांच्या माता अधिक वेळा मध्ये हात घालताना आढळल्या. परंतु हट्टी व विरोधी वर्तनाच्या मुलांच्या माताही जवळजवळ तशाच आढळल्या. म्हणून हात घालण्याने चिंता निर्माण होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. भित्र्या मुलाला मदत करण्याची सवय आईला मुलानेच लावली असण्याचाही संभव आहे.

चिंताग्रस्त मुलांच्या उपचारात पालकांना घेतल्याने खरोखर अधिक लाभ होतो काय? चित्रांचा विचार क्षणभर बाजूला ठेवून याचे उत्तर पाहू. फिलिप केंडल यांच्या बोधनात्मक-वर्तनात्मक उपचारक्रमात, ज्याची पहिली नियंत्रित परीक्षा १९९४ मध्ये ४७ मुलांवर झाली, सोळा बैठकींपैकी दोनच पालकांसाठी असतात. ऑस्ट्रेलियात बॅरेट, डॅड्स व रेपी यांनी १९९६ मध्ये ७९ मुलांवर केलेल्या अभ्यासात कुटुंबाची जोड दिलेल्या गटाची प्रगती अधिक दिसली. पुढे काही वर्षांनी पाहता दोन्ही गट सारखेच चांगले होते. याउलट येल विद्यापीठात एली लेबोवित्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते चौदा वर्षांच्या १२४ मुलांपैकी एका गटात मुलाला मुळीच न भेटता केवळ पालकांशी बारा आठवडे काम केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की हा उपचार मुलांवरील थेट उपचाराहून उणा ठरला नाही. त्यांचा रोख घराने मुलाच्या भीतीला दिलेल्या सवलतींवर आहे: त्याच्याऐवजी दुसऱ्याने उत्तर देणे, शाळेच्या फाटकाशी तासभर उभे राहणे, रात्री दिवा न मालविणे. मूल बदलण्याची वाट न पाहता पालकांनी स्वतःचे वागणे बदलावयाचे, आणि तेही मुलाची भीती खरी आहे हे मान्य करून. एकत्र चित्र काढण्याच्या पद्धतीची या तोडीची परीक्षा झालेली नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. चित्र हा सध्या उपचारातील एक मार्ग आहे; स्वतंत्र उपचार म्हणून त्याचा पुरस्कार करण्याइतका आधार हाती नाही.

मराठी घरात हा मार्ग अवलंबिताना दोन-तीन अडचणी विशेष जाणवतात. आपल्या मुलाला 'चित्र काढ' म्हटले की ते बहुधा दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचे झाड काढते. हे चित्र त्याने शिकलेले असते आणि ते चुकत नाही. भित्रे मूल तर त्याचा आश्रय घेणारच. त्या झोपडीला दार नाही म्हणून मुलाचे मन बंद आहे, असले अर्थ कृपा करून कोणी लावू नयेत. रेघोटीसाठी असे तयार चित्र उपलब्ध नसते, म्हणून आपल्या परिस्थितीत तिचा उपयोग विशेष आहे. दुसरी अडचण पालकांची. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांच्या परंपरेत वाढलेले आईवडील मुलाच्या कागदाकडे पाहतात ते परीक्षकाच्या नजरेने. "छान काढलंस हं" किंवा "हात असा असतो का रे?" ही दोन्ही वाक्ये संभाषण संपविणारी आहेत. बैठकीपूर्वी पालकांना एवढेच सांगावे की चित्राला चांगले-वाईट म्हणू नका, अर्थ विचारू नका, दिसते तेवढे बोला: "ही दोरी लांब आहे." मुलाला पुढे सांगावयाचे असेल तर ते सांगते. तसेच मुलाने उपचारकापाशी एकट्याने काढलेले कोणते चित्र आईबाबांना दाखवावयाचे, हे मुलाला विचारल्यावाचून ठरवू नये.

यातूनच आम्हांस एक कृती सुचविता येते. मूल, आई व वडील या तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर 'आपल्या घरातली रात्र' काढावी: कोण कोठे निजते, दिवा कोठे आहे, कोण जागे आहे. नंतर तिन्ही कागद शेजारी ठेवून ते एकमेकांनी पाहावेत. भीतीला दिलेल्या ज्या सवलती पालक प्रश्नावलीत लिहीत नाहीत, लपविण्याच्या हेतूने नव्हे तर त्या सांगण्याजोग्या वाटत नाहीत म्हणून, त्या येथे जागच्या जागी दिसण्याचा संभव आहे. दोरीचा नाद सांगावयाचा राहिला होता तसेच हे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत मूल आईवडिलांजवळ निजते ही भीतीला दिलेली सवलत म्हणून मोजली जाते. जेथे एका खोलीत सहा माणसे अंथरुणे घालतात, तेथे ती सवलत नाही. ती जागेची सोय आहे. सवलत कोणती, हे मुलाची जागा कोणाशेजारी आहे त्यावरून न ठरता, ती जागा बदलली तर काय होते त्यावरून ठरेल, आणि हे मोजण्याचे साधन मराठी घरांतील निरीक्षणावरूनच तयार करावे लागेल. विभागातील प्रबंधासाठी हा विषय योग्य आहे.

अशा चित्रांत आणखी एक व्यक्ती पुष्कळदा सापडेल, जी हकीकत लिहून घेताना खोलीत नसते. मुलाला रात्री थोपटणारी आणि दुपारी जेवावे म्हणून त्याला बागुलबुवा दाखविणारी आजी ती हीच. तेव्हा केंद्राने पहिल्या भेटीच्या पत्रात 'आईवडिलांनी यावे' असे न लिहिता 'रात्री मुलाजवळ जे असतात त्यांनी यावे' असे लिहून पाहावे.